दोनवरचं गाणं

आमच्या घरात माणसांपेक्षा भोंगे जास्त होते. माळ्यावर भोंगे, खाटेखाली भोंगे, परसात पेरूच्या झाडाला टांगलेला एक चेपलेला भोंगा, त्यात चिमण्यांनी संसार मांडलेला. सौंसरात लग्न असो, बारसं असो, नाहीतर जयंती असो, लाउडस्पीकर आमच्याच घरून जायचा, आणि त्याच्याबरोबर बाबा जायचे. पुढच्या खोलीत लाकडी स्टुलावर अ‍ॅम्प्लिफायर असायचा. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. आईनं जुन्या लुगड्याची झालर शिवून त्याला झाकण केलं होतं, आणि हिवाळ्यात बाबांनी ते तपासायला चालू केलं की मांजर त्या झालरीवर जाऊन ऊब घेत पडायची. सकाळी छोट्या लाइनची गाडी शिट्टी देऊन रामाकोन्याकडे निघाली की इकडे बाबांचं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" सुरू व्हायचं. शेजारी त्यावर घड्याळ लावत नसत, पण शिव्या मात्र वेळेवर देत.

मशीनच्या तोंडावर आवाज कमी-जास्त करायचं एक मोठं काळं फिरतं बटन होतं, आणि त्याच्याभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे. ह्या आकड्यांनी आमच्या घराची बोलीच घडवली. मी आणि माझी धाकटी बहीण भांडायला लागलो की आई चुलीपुढून ओरडायची, "अवं, तुमचा आवाज सातवर गेला, तीनवर आना!" बाबा रागावले की आई म्हणायची, आज मशीन दहावर आहे, कोणी जवळ जाऊ नका. तापातून उठलेल्या माणसाला बघायला गेलं तर "आवाज पाचवर आला, म्हंजे बरं हाय" असं निदान व्हायचं. तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी तिखट झाली तर तीही आठवर. दुसऱ्यांच्या घरी असं बोलत नाहीत, हे मला शाळेत गेल्यावर कळलं, आणि तेव्हा मला त्यांचीच कीव आली.

बाबांचा मोठ्या आवाजावर जीव होता, आणि त्याला कारण होतं. कार्यक्रमाला भोंगे बांधून झाले की ते कुणाला तरी सायकलवर पिटाळायचे, संत्र्याच्या बागांपलीकडे जाऊन ऐकू येतं का बघायला. तो येऊन "येते, येते" म्हणाला की बाबांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्याचं समाधान दिसायचं. एकदा मी विचारलं होतं, बागेत तर माकडंच असतात, त्यांना कशाला ऐकवायचं? तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "आपला आवाज बजारपर्यंत जात नव्हता, सुजे. माह्या बापाचा नाई गेला, त्याच्या बापाचा नाई गेला. आता जाते. मी काहून कमी करू?" ह्या प्रश्नाचं उत्तर सापडेपर्यंत बराच काळ आणि एक मोठं भांडण गेलं.

ते भांडण शेवंता आत्यामुळे झालं. आत्या बाबांची मोठी बहीण, आमच्या घराला लागूनच राहायची. हंगामात बागेत संत्री तोडायला, पेट्या भरायला जायची, त्यामुळे तिच्या हातांना, पदराला, अगदी तिनं केलेल्या भाकरीलाही संत्र्याच्या सालीचा वास असायचा. आमच्या वस्तीतल्या बायकांची गायन पार्टी होती, आणि आत्या तिची मुख्य गायिका. गाणी ती स्वतःच जुळवायची, बागेत काम करता करता. लिहिता तिला येत नव्हतं, म्हणून जुळवलेलं गाणं विसरू नये म्हणून दिवसभर गुणगुणत राहायची. आई ढोलकी वाजवायची. अशी वाजवायची की पुरुष ढोलकीवाले कानाला हात लावायचे. बेंजोवर रायभान भाऊ, धंद्यानं शिंपी आणि पार्टीचा कारभारी. मी शाळेत पेटी आणि सरगम लिहायला शिकले होते म्हणून पेटी माझ्याकडे. मागे कोरसच्या बायका.

एका पावसाळ्यात आत्याला मुदतीचा ताप आला. त्यातून ती वाचली, पण तिचा आवाज पहिल्यासारखा परत आला नाही. सुराला तो पक्काच होता, उलट जरा जास्तच गोड झाला होता, पण बारीक झाला होता. पूर्वी ती बागेच्या ह्या टोकाला गायची आणि त्या टोकाच्या बायका कोरस धरायच्या. आता चुलीपाशी गायली तर ओसरीवर कान द्यावा लागे. त्यातच लोधीखेड्याला एका बारशाचा कार्यक्रम आला. माइक एकच, आत्याच्या पुढं. तिच्या एका बाजूला बेंजो, दुसऱ्या बाजूला ढोलकी, दोन्ही त्याच माइकात शिरणार. आत्यानं गाणं धरलं आणि मागच्या लोकांनी ओरडा केला, बाईचा आवाज येत नाही. बाबांनी बटन वाढवलं. आत्याचा आवाज वाढला, पण बेंजो आणि ढोलकीही तितकीच वाढली. लोक पुन्हा ओरडले, बाबांनी पुन्हा वाढवलं. शेवटी माइकानं अशी शिट्टी मारली की पाळण्यातलं बाळ किंचाळून उठलं आणि बारशाची बाई आमच्याकडे डोळे वटारून पाहू लागली.

परत आल्यावर रायभान भाऊ आमच्या ओसरीवर बसले. माणूस वाईट नव्हता, पण पार्टी चालवायची म्हणजे माणसानं गोड राहून चालत नाही. बाबांना म्हणाले, "किसनभाऊ, राग नोका मानू. शेवंताबाईचा आवाज पोचूनच नाई राहिला. रामाकोन्याची ताराबाई हाय न, तिचा आवाज घंटीसारखा हाय. पांढुर्न्याचा मेळावा येऊन राहिला. तठी शेवंताबाईले एक गानं देऊ. जमलं तं जमलं. नाई तं मंग जयंतीले ताराबाईच पुढं बसन."

आत्या आतून ऐकत होती. संध्याकाळी तिनं मला सांगितलं, "सुजे, बरोबर बोलते थो. मी कोरसमधी बसतो." आणि ती पेटीभर संत्री निवडत असल्यासारखी शांतपणे तांदूळ निवडत राहिली. पण तिच्या ओठांची गुणगुण बंद झाली होती. त्या घरात आत्या असूनही गुणगुण नाही, असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की पाठोपाठ राग येतो, अजूनही येतो. मी तिला म्हणाले, "तू कोरसमध्ये बसणार नाहीस. पांढुर्ण्याला तूच गाशील आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल." कसं, ते मला ठाऊक नव्हतं. आधी बोलून टाकायचं आणि मग निस्तरत बसायचं, हा माझा जन्माचा स्वभाव.

आत्याचं त्या वर्षीचं गाणं होतं बैलबंडीतून घरी येणाऱ्या आईचं:

हळू हाक रे बंडी, भाऊ, लेकरू निजलं बंडीत,
उद्या जाईल शाळेत, आज ऊब दे थंडीत.

पुढच्या कडव्यांत लेकरू शाळेत जातं, शिकतं, आणि शेवटी भरल्या सभेत उभं राहून बोलतं. हे गाणं आमची पार्टी कसं वाजवायची? पहिल्या अक्षरापासून ढोलकीची थाप अशी, की बंडीतलं लेकरू सोडा, बैलसुद्धा उधळावेत. मी पेटीवर बसून विचार करत होते आणि एकदम मला लख्ख दिसलं. बाबा बटन वाढवतात ते सगळ्यांचं वाढतं. आत्या ऐकू यायची असेल तर आत्याला वाढवून भागणार नाही, बाकीच्यांनी खाली यायला हवं. आणि गाणंही तेच सांगतंय! लेकरू निजलंय तोवर सगळे हळू, लेकरू मोठं होईल तसा आवाज मोठा. शाळेतल्या सरगमच्या वहीत सूर होता, मात्रा होती, टाळी होती, खाली होती. किती जोरानं हे लिहायला मात्र जागाच नव्हती. मग मी आमच्या घरची बोली वापरली. ओळीखाली आकडे टाकले. पहिल्या ओळीखाली ढोलकी दोन, बेंजो दोन, आत्या चार. लेकरू शाळेत गेलं की ढोलकी चार. भरल्या सभेत सगळे आठ.

आज माझ्यापुढं भाच्यानं बसवून दिलेला संगणक आहे. आत्याची गाणी मी त्यात स्वरलिपीत उतरवते आहे. आपण सूर भरले की तो वाजवून दाखवतो, आणि पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी हसतच सुटले, कारण तो अगदी आमच्या जुन्या पार्टीसारखा वाजवत होता, निजलेलं लेकरू आणि भरली सभा एकाच जोरात. भाचा म्हणाला, "मावशी, त्यात काय, व्हॉल्यूम कमी कर ना," आणि त्यानं पडद्यावरची आवाजाची पट्टी खाली ओढली. त्या बिचाऱ्याला काय माहीत, तो कुणाच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवतोय! मी त्याला समोर बसवून सांगितलं की बाबा रे, ती पट्टी म्हणजे ऐकणाऱ्याची सोय. गाण्यातलं हळू आणि जोरात हे सुरांच्या खाली लिहावं लागतं, प्रत्येक वाद्याला वेगळं. त्यासाठी त्या प्रणालीत लहान खुणा आहेत, आणि आवाज हळूहळू वाढवायचा असला तर चिमट्यासारखी उघडत जाणारी एक रेघ आहे. ती रेघ तेव्हा मला माहीत असती तर माझा किती घसा वाचला असता.

कारण कागदावर दोन लिहिणं सोपं होतं, माणसाला दोनवर आणणं महाकठीण. तालीम दिवेलागणीच्या आधी विहाराच्या अंगणात, माइकाशिवाय व्हायची. पहिल्या दिवशी कागद पाहून रायभान भाऊ म्हणाले, "हे तं मशीनचे आकडे हायेत. किसनभाऊले दे न, आमाले काहून देऊन राहिली?"

"मशीनचे नाहीत," मी म्हणाले. "तुमच्या हाताचे आहेत. बटन तुमच्या बोटांत आहे."

"माह्या बोटात बटन असतं तं मी शर्टाले लावलं असतं," ते म्हणाले, आणि कोरस खदाखदा हसला. मी हसू दिलं. हसून झाल्यावर म्हणाले, आता पहिली ओळ, दोनवर. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तीच. बेंजो दोनवर आला तर ढोलकी सहावर जायची. ढोलकीवर माझी जन्मदाती. "हळू वाजवाचं तं मंग ढोलकी कायले घ्याची? पोळपाट घेतो!" असं म्हणून ती उठून गेली. रात्री तिनं मला भाकर वाढली, ठेचा वाढला आणि बोलली मात्र नाही. मी दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं. ती आली, पुन्हा भांडली, पुन्हा आली. मी हट्टी, पण तो हट्ट मी आणला कुठून? एका संध्याकाळी चिडून तिनं एका हाताचा पंजा मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या नुसत्या पेरांनी चामड्यावर बंडीच्या चाकासारखा ठेका धरला. आत्याचा आवाज त्या ठेक्यावर अलगद वर आला. भाजीची टोपली घेऊन जाणारी एक बाई कुंपणापाशी थांबली. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे का? हे दोन हाय का? मंग आधीच सांगाचं न व!" जणू मी इतके दिवस तिला अरबी भाषेत सांगत होते.

बाबा तालमीला येत नसत. भोंगेवाल्यानं तालमीला जायची पद्धतच नव्हती. त्याचं काम कार्यक्रमाच्या दिवशी खांब रोवण्यापासून सुरू होतं, असं तेही मानत आणि आम्हीही. पण घरात त्यांच्या कानावर सगळं जात होतं, आणि ते धुमसत होते. एके सकाळी मशीनची धूळ पुसताना त्यांनी तोंड उघडलं. "ऐकलं, तू साऱ्याईले हळू वाजवाले लावून राहिली. पांढुर्न्यात लोक हसतीन. म्हनतीन, सौंसरची पार्टी उपाशी आली का? मी सांगतो तुले, आवाज कमी झाला तं मी बटन वाढवीन."

"वाढवायचं नाही," मी म्हणाले. "मग हळूचं हळू राहणारच नाही."

"कमी बोलाले आपल्याले साऱ्या जगानं शिकवलं," बाबा म्हणाले. "आता घरची पोरगीबी शिकवून राहिली." त्यांचा आवाज दहावर नव्हता. तो खाली गेला होता, म्हणून मला जास्त लागला.

तेव्हा मला ते उत्तर सुचलं, जे मी इतकी वर्षं शोधत होते. मी म्हणाले, "बाबा, दुसऱ्यानं आपला आवाज दाबला तर तो दाबलाच. पण आपणच आपल्या मर्जीनं हळू गायलो, आणि सगळी सभा आपल्यासाठी गप्प बसली, तर ते दाबणं आहे का?" बाबा फडकं झटकून बाहेर गेले. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

पांढुर्ण्याला आम्ही मेटॅडोरनं गेलो, अर्ध्या गाडीत भोंगे आणि उरलेल्यात आम्ही. रामाकोन्याची ताराबाईही होती, कोरसमध्ये बसायला म्हणून, पण ती कशासाठी आली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बाई मोकळ्या मनाची होती, वाटेत तिनं आत्याला आपल्या डब्यातली बेसनाची पातोडी दिली. आत्यानं घेतली आणि हातात धरून बसली, खाल्ली नाही. मेळावा दुपारचा होता. मैदानात कनाती, समोर माणसांचा समुद्र, कडेला फुटाण्यांच्या आणि संत्र्यांच्या गाड्या, पोरं बोंबलताहेत. आधीच्या पार्ट्या अशा गायल्या की कनातीचे बांबू हलत होते. बाबा मशीनपाशी बसले होते, पांढऱ्या सदऱ्यात, खांबासारखे ताठ. आमची पाळी आली. मी पेटीचा भाता उघडला, आत्यानं डोळे मिटले, आईची पेरं चामड्यावर उतरली. हळू हाक रे बंडी.

काहीच ऐकू आलं नाही. पहिल्या दोन रांगांनी ऐकलं असेल तर असेल. आम्ही नेमके वाजवत होतो, पण भोंग्यांतून मुंगीसुद्धा बाहेर येत नव्हती. मागून आरोळी आली, "आवाज! ओ माइकवाले, झोपले का?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर माझ्या हस्ताक्षरातला कागद होता. मी तालमीसाठी उतरवलेल्या कागदांपैकी एक त्यांनी कधीतरी घरातून उचलला असणार. त्यांचं बोट पहिल्या ओळीखालच्या आकड्यावर होतं, दुसरा हात बटनावर, आणि त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखी, दोन बोटं वर केली. बटन दोनवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी लोक ओरडत असताना बटन वाढवलं नव्हतं. माझ्यासाठी. आम्ही दोनवर आणि मशीनही दोनवर. हळूचं हळू होऊन गाणं जमिनीत गेलं होतं.

संगणकातही माणसं हीच गफलत करतात, बरं का. सुरांखाली हळूची खूण टाकतात आणि पट्टीही खाली ओढतात, मग विचारतात गाणं गेलं कुठं. भाच्यानं केलं तेव्हा मी त्याला एक शब्द बोलले नाही.

लोक आता शिट्ट्या मारू लागले. रायभान भाऊंची पाचावर धारण बसली आणि त्यांनी बेंजो खणखणून छेडला. आत्या थांबली. तिनं हात मांडीवर ठेवले, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच आलं, तांदूळ निवडतानाचं. रायभान भाऊंनी मान वळवून ताराबाईला डोळ्यांनी खुणावलं, घ्या, तुम्ही घ्या. ताराबाईनं श्वास भरला.

मी पेटीवरून उठले आणि माइक स्वतःकडे ओढला. बापाला चारचौघांत बोलायचं नसतं, हे मला शिकवलं होतं. इथं चारचौघे नव्हते, सगळं पांढुर्णा होतं. पण आत्याचे ते मांडीवरचे हात मला दिसत होते. "थांबा," मी म्हणाले. "बाबा, बटन सहावर ठेवा अन् दोन्ही हात काढून घ्या. कागद आमच्यासाठी हाय. आता हळू अन् जोरात आमी पाहतो." भोंग्यांतून बारीकसं काही तरी गेलं असेल. पुढच्या लोकांत हशा पिकला. बाबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी बटन सहावर आणलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही पंजे आपल्या मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसले.

मी रायभान भाऊंना दोन बोटं दाखवली. ते ताराबाईकडे बघत राहिले. ताराबाईनं भरलेला श्वास सोडून दिला आणि म्हणाली, "पुन्यांदा गाऊ द्या न त्याईले. लय मेहनत केली बिचारीनं."

आईची पेरं पुन्हा उतरली. आत्यानं पुन्हा उचललं. ह्या वेळी आवाज गेला, मोठा नाही, स्वच्छ. लोक अजून बडबडत होते आणि त्यांना तो अर्धाच कळत होता. मग कुणी तरी कुणाला "चूप बसा न गा" म्हणालं, त्यानं पुढच्याला म्हटलं, आणि शांतता मागे मागे सरकत गेली. फुटाणेवाला हाक मारता मारता थांबला. मैदानाच्या टोकाच्या भोंग्यातून आत्याचा आवाज किंचित मागाहून परत येत होता, आणि आत्यानं तो ऐकला. तापानंतर तिनं स्वतःला भोंग्यातून ऐकलंच नव्हतं, कधी बेंजोनं ऐकू दिलं नव्हतं, कधी ढोलकीनं. तिनं डोळे उघडले. लेकरू शाळेत गेलं आणि आईचा पंजा खाली आला, बेंजो उठला, मी भाता भरला. भरल्या सभेत लेकरू उभं राहिलं तेव्हा कोरस, ताराबाई, सगळे आठवर गेलो, आणि इतकं हळू ऐकलेल्या कानांना ते आठ अठरासारखं लागलं. लोक उभे राहिले. सगळ्यांच्या वर आत्या होती. मी रडत होते आणि वाजवत होते. बाबांचे खांदे बटनाकडे झुकत होते, परत मागे येत होते. हात मात्र मांड्यांखालीच होते.

परतीच्या वाटेवर मेटॅडोरात रायभान भाऊ म्हणाले, "शेवंताबाई, जयंतीले हेच पयलं घेऊ. अन् ताराबाई, तुमी कोरस असाच धरजा." बस, एवढंच. आत्यानं मान हलवली आणि ती पदरात बांधून ठेवलेली, आता वाळून गेलेली पातोडी खायला घेतली. सगळे एकदम बोलू लागले. बाबाच बोलत नव्हते. सौंसरच्या बागा दिसायला लागल्या तरी नाही. आईनं त्यांना डिवचलं, "काहो, बटन शून्यावर गेलं का?"

"मी चुकलो नाई," बाबा म्हणाले. "कागदावर दोन लिवलं होतं. मी दोनवर नेलं."

"कागद तुमच्यासाठी नव्हता, बाबा," मी म्हणाले.

"थे आता समजलं." ते भोंग्यांकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. "तुमी सारे रोज तालीम करत होते. मले सारं घरात ऐकू येत होतं. एकानं तरी म्हनलं का, किसन, तूबी ये? मी थो कागद एकट्यानंच वाचला. एकट्यानं वाचला म्हनून असा वाचला."

आत्यानं पातोडीचा तुकडा गिळला आणि म्हणाली, "उद्या दिवेलागनीच्या आंधी ये, किसना. मशीन नोको आनू."

दुसऱ्या दिवशी बाबा विहाराच्या अंगणात आले, कार्यक्रमाचा पांढरा सदरा घालून, रिकाम्या हातांनी, आणि आईच्या बाजूला सतरंजीवर मांडी घालून बसले. रायभान भाऊंनी बेंजो लावता लावता विचारलं, "किसनभाऊ, तुमी काय वाजवान गा?"

"काईच नाई," बाबा म्हणाले. "हात आवराले शिकाले आलो. करा सुरू."